पाण्याचे रोखे: सल्ला कोणाचा, जबाबदारी कोणाची?

1 फेब्रुवारी 2026 रोजी संसदेत मांडल्या गेलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात, एकाच वेळी 1,000 कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे काढणाऱ्या मोठ्या शहरांना 100 कोटी रुपयांचे उत्तेजन देण्याची घोषणा झाली. एवढे कर्ज स्वतःच्या नावावर उभारू शकतील अशा महापालिका या देशात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि त्यांत मुंबईचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. इकडे मुंबई महापालिकेने सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा वापरात आणण्याचे प्रचंड काम हाती घेतले आहे. त्या कामाला लागणारा पैसा आणि दिल्लीने पुढे केलेले आमिष यांची गाठ केव्हा ना केव्हा पडणारच. आणि रोख्यांचा विचार सुरू झाला की पहिला ठराव येतो तो सल्लागार नेमण्याचा. हा ठराव दिसावयास निरुपद्रवी असतो. त्यावर सभागृहात फारशी चर्चा होत नाही. वर्तमानपत्रांतही त्याला आतल्या पानावर चार ओळींची जागा मिळते. आमच्या मते पुष्कळदा खरा निर्णय त्या चार ओळींतच होऊन गेलेला असतो. म्हणून त्याची चिकित्सा पहिल्या पानावर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम योजनेविषयी. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी मलजल शुद्धीकरणाची नवी केंद्रे उभारली जात आहेत. 19 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यांची पायाभरणी झाली, तेव्हा बांधकामाचा खर्च सुमारे 17,200 कोटी रुपये सांगण्यात आला होता. सातही केंद्रांची एकत्रित क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी निम्म्या पाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याजोगे करावयाचे, अशी योजना आहे. मुंबईला सात तलावांतून रोज मिळणारे पाणी चार हजार दशलक्ष लिटरच्या आतच राहते. उद्या गारगाई धरण बांधले आणि त्यासाठी तान्सा अभयारण्यातील वृक्षांवर कुऱ्हाड चालविली, तरी त्यातून अपेक्षा आहे ती रोज 440 दशलक्ष लिटरची. सांडपाण्यातून मिळू शकणारे पाणी 1,200 दशलक्ष लिटरहून अधिक भरते, आणि त्यासाठी जंगल बुडवावे लागत नाही की गाव उठवावे लागत नाही. तेव्हा ही योजना हवी की नको, हा वादाचा विषयच उरत नाही. ती हवीच.

मरोळच्या रहिवाशांना तर तिचे मर्म कोणी समजावून सांगावयास नको. मरोळच्या उशाशी विहार तलाव आहे. 1860 साली मुंबईला नळाचे पाणी प्रथम त्यानेच पुरविले. शेजारी पवई तलाव आहे. तान्साचे पाणी 1892 साली शहरात येण्यापूर्वी तातडीची सोय म्हणून तो बांधला गेला. परंतु त्याचे पाणी पिण्याच्या कामी उतरले नाही, आणि पुढे ते आरे वसाहतीला व कारखान्यांना देण्याची वहिवाट पडली. म्हणजे पिण्याचे पाणी निराळे आणि वापराचे निराळे, हा विवेक या परिसराला परका नाही. आज याच मरोळमध्ये आणि भोवताली औद्योगिक वसाहत आहे, 1973 पासूनचे सीप्झ आहे, विमानतळ आहे, मोठमोठी हॉटेले आणि वातानुकूलित कचेऱ्या आहेत. यंत्रे थंड ठेवणे, बागा शिंपणे, गाड्या धुणे, स्वच्छतागृहे साफ राखणे या साऱ्या कामांसाठी जे पाणी खर्ची पडते ते शहापूरच्या डोंगरांतून दूरवरून आणलेले पिण्याचे पाणी असते. आणि त्याच शहापूर तालुक्यातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. मरोळमधून वाहणारी मिठी नदी मात्र सांडपाण्याने काळी झालेली आहे. हे चित्र पालटावयाचे तर शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या दारापर्यंत नळाने नेले पाहिजे. त्याला पैसा लागेल, आणि पुष्कळ लागेल.

पैसा महापालिकेजवळ नाही काय, असा प्रश्न येथे कोणीही सुज्ञ वाचक विचारील. महापालिकेच्या मुदतठेवी 2022 साली सुमारे 92 हजार कोटी रुपयांच्या घरात होत्या. 2025 च्या आरंभी त्या सुमारे 82 हजार कोटींवर आल्या. त्यांतील मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा यांत अडकलेला आहे. जो मोकळा आहे त्याच्या समोर हाती घेतलेल्या कामांचे दायित्व उभे आहे आणि ते दोन लाख कोटींच्या पलीकडे गेले आहे. 2017 साली जकात बंद झाल्यापासून उत्पन्नाचा एक मोठा ओघही शासनाकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिला आहे. अशा स्थितीत, तीस-चाळीस वर्षे उपयोगी पडणाऱ्या कामाचा भार एकाच पिढीच्या खिशावर न टाकता कर्जाच्या रूपाने पुढील वर्षांवर वाटून देणे यात गैर काहीच नाही. 1888 च्या कायद्याने महापालिकेला कर्ज उभारण्याचा अधिकार दिलेला आहे तो याचसाठी.

तथापि ऋण काढावयाचे ते कामासाठी, बक्षिसासाठी नव्हे. हिशेब साधा आहे. 1,000 कोटी रुपयांचे रोखे द.सा.द.शे. 8 दराने 10 वर्षांसाठी काढले आणि मुद्दल अखेरीस फेडावयाचे ठरले, तर दरसाल व्याज 80 कोटी रुपये होते आणि दहा वर्षांत 800 कोटी. दिल्लीचे उत्तेजन 100 कोटींचे. जे काम अन्यथाही करावयाचेच होते त्यासाठी ते मिळत असेल तर अवश्य घ्यावे; परंतु ते मिळावे म्हणून कर्जाची घाई करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. हे वेळीच स्पष्ट बजावणारा माणूस महापालिकेजवळ असावयास हवा. सल्लागाराची गरज खरी येथे आहे.

सल्लागार नेमू नयेत असे आमचे म्हणणे नाही. ‘सेबी’ने 2015 साली नगरसंस्थांच्या कर्जरोख्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्या नियमांच्या चौकटीत पतमापन करून घ्यावे लागते, हिशेब व योजनेची माहिती उघड करावी लागते, गुंतवणूकदारांच्या वतीने विश्वस्त नेमावे लागतात, आणि फेडीसाठी ठराविक उत्पन्न एका राखीव खात्यात वळवावे लागते. महापालिकेचे अभियंते धरणे आणि बोगदे बांधण्यात निष्णात आहेत, लेखाधिकारी हिशेबात वाकबगार आहेत. पण रोखेबाजारात उतरण्याचा प्रसंग त्यांच्यावर वर्षानुवर्षे आलेला नाही. व्याजाचा दर केव्हा अनुकूल असतो, मुदत किती ठेवावी, मुद्दल हप्त्यांनी फेडावे की एकदम, या गोष्टी जाणणारा माणूस जवळ असणे शहाणपणाचेच होय. कोर्टात जाताना वकील करतो तसेच हे आहे.

परंतु वकील आपला आहे की समोरच्याचा, हे आपण आधी पाहतो. रोख्यांच्या व्यवहारात नेमकी हीच गोष्ट धूसर होते. एक सल्लागार योजनेचा अहवाल तयार करतो. दुसरा कर्जाची रचना सुचवितो. तिसरा रोखे बाजारात विकून देतो. पुष्कळदा यांतील दोन भूमिका एकाच पेढीकडे जातात. आणि मोबदला उभारलेल्या रकमेच्या टक्केवारीने, रोखे विकले गेल्यावर द्यावयाचा असे ठरते. वरवर पाहता ही अट महापालिकेच्या सोयीची वाटते, कारण काम झाले नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. पण तिचा अर्थ असा की रोखे निघाले तरच सल्लागाराची चूल पेटणार, आणि जितके अधिक निघतील तितकी ती अधिक रसरसणार. असा सल्लागार ‘यंदा थांबा, योजना अजून कच्ची आहे’ असे कशाला सांगेल? त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे येथे कारणच नाही. ज्या माणसाला ‘नको’ म्हटल्यास उपाशी राहावे लागते त्याच्याकडून ‘नको’ची अपेक्षा करणे हाच मुळी अन्याय होय.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जेफर्सन नावाची काउंटी आहे. बर्मिंगहॅम हे तिचे मुख्य शहर. तिनेही सांडपाण्याच्याच कामासाठी रोखे काढले होते. गटारांतील घाण नद्यांत जात होती, ती थांबविणे तिला न्यायालयाच्या हुकुमाने भाग पडले होते; म्हणजे काम आवश्यक होते आणि हेतूही शुद्ध होता. पुढे व्याजाचा भार हलका करण्याच्या नावाखाली त्या साध्या कर्जाचे रूपांतर बदलत्या दरांच्या आणि अदलाबदलीच्या गुंतागुंतीच्या करारांत करण्यात आले. 2008 साली बाजार कोसळला आणि ते करार उलटले. व्यवहार मिळविण्यासाठी काउंटीच्या प्रतिनिधींच्या निकटवर्तीयांना लपवून पैसे पोहोचविले गेले, असा आरोप अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाने जे. पी. मॉर्गन या पेढीवर ठेवला. 2009 साली पेढीने तो मान्य किंवा अमान्य न करता साडेसात कोटी डॉलर भरले आणि 64 कोटी 70 लाख डॉलरच्या येण्यावर पाणी सोडले. काउंटीच्या कारभाराचे एक माजी प्रमुख लाचखोरीबद्दल दोषी ठरले. तरीही कर्ज बुडीतच राहिले, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरच्या ओझ्याखाली काउंटीने दिवाळे जाहीर केले. त्यातून सुटताना मलनिःसारणाचे दर पुढील चार वर्षे दरसाल सात टक्क्यांहून अधिक वाढविण्याचे ठरले. सल्ला कोणी दिला आणि मोबदला कोणी घेतला हे तेथील गृहिणीला ठाऊकही नव्हते. बिल मात्र तिच्याच दारात आले. या आणि अशा अनुभवांतून अमेरिकेने 2010 च्या कायद्याने नगरसंस्थांच्या सल्लागारांना नोंदणी सक्तीची केली आणि नगरसंस्थेचे हित हेच सर्वोपरी मानण्याचे बंधन त्यांच्यावर घातले. जो सल्ला देईल त्याने तेच रोखे विकत घेऊन पुढे विकू नयेत, असा नियमही 2011 साली झाला.

दूरदेशीचे उदाहरण पुरेसे वाटत नसेल तर पुण्याकडे पाहावे. समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी पाच वर्षांत 2,264 कोटी रुपयांचे रोखे काढण्याचे पुणे महापालिकेने ठरविले. त्यांपैकी 200 कोटींचा पहिला हप्ता जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाने उभारण्यात आला. मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पट आली. मुंबईच्या शेअरबाजारात घंटा वाजली, मंत्र्यांची भाषणे झाली, केंद्राकडून 26 कोटींचे उत्तेजनही मिळाले. रोखे विकण्याचे काम उत्तम झाले यात शंका नाही. मात्र ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच्या निविदा अंदाजाहून फार चढ्या आल्या म्हणून रद्द कराव्या लागल्या, आणि नव्या निविदांनुसार काम सुरू होण्यास 2018 साल उजाडले. तोवर उसना घेतलेला पैसा बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. 200 कोटींवर 7.59 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 15 कोटी 18 लाख रुपये होते. हे घोड्यापुढे गाडी जुंपण्यासारखे झाले. सल्लागारांनी आपापले काम चोख केले होते. पण ‘निविदा उघडेपर्यंत थांबा’ हे सांगणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते, असे दिसते.

मुंबईने यातून काय घ्यावे? पुनर्वापराच्या पाण्याच्या बाबतीत निविदांच्या आधी आणखी एक पायरी आहे. ती म्हणजे गिऱ्हाईक. गाझियाबादच्या नगर निगमने 2021 साली 8.1 टक्के व्याजाने 150 कोटींचे हरित रोखे काढले, ते साहिबाबादच्या औद्योगिक क्षेत्राला रोज 40 दशलक्ष लिटर प्रक्रिया केलेले पाणी देण्याच्या योजनेसाठी. पाणी कोणाला द्यावयाचे हे तेथे आधीपासून ठरलेले होते. आपल्याच राज्यात नागपूरने सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राकडे वळविले. तेथेही घेणारा समोर उभा होता. सुरतेने पांडेसऱ्याच्या कारखान्यांना असे पाणी 2014 पासून देऊ केले आहे. मुंबईत घरगुती पाण्याच्या सुमारे दहापट दर उद्योगांना पडतो. म्हणजे स्वस्त व खात्रीच्या दुय्यम पाण्याला येथे मागणी असावयास हवी. पण ‘असावयास हवी’ या दोन शब्दांवर हजार कोटींचे कर्ज काढता येत नाही. सीप्झने किती पाणी घेण्याचे लेखी मान्य केले आहे? विमानतळाने किती? मरोळच्या औद्योगिक वसाहतीने किती, आणि कोणत्या दराने? सातांपैकी एकही केंद्र मरोळला लागून नाही. तेव्हा तेथून येथवरची दुसरी नळवाहिनी कोणाच्या खर्चाने टाकली जाणार? या प्रश्नांची उत्तरे करारांच्या रूपाने हाती आली तरच पाणी स्वतःचे कर्ज स्वतः फेडील. ती आली नाहीत तर व्याज सामान्य करांतून भरावे लागेल. आणि राखीव खात्याची रीतच अशी की त्यात वळविलेल्या उत्पन्नातून गुंतवणूकदाराचे देणे प्रथम भागते, आणि शाळा, दवाखाने, गटारे यांच्या वाट्याला मागाहून उरेल ते येते.

म्हणून सल्लागाराच्या नेमणुकीचा ठराव येईल तेव्हा सभागृहाने काही अटी त्यातच घालाव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सल्ला देणारा आणि रोखे विकणारा हे दोघे भिन्न असावेत, आणि त्यांच्यात आर्थिक लागेबांधे नसावेत. सल्लागाराचा मोबदला ठराविक असावा. ‘रोखे काढू नका’ असा सल्ला दिला तरी तो पूर्ण मिळावा. सल्लागाराने दिलेला अहवाल रोखे काढण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा, आणि त्यात पाणी घेणाऱ्यांशी झालेले करार, अपेक्षित दर आणि मागणी निम्मी आली तर फेड कशी करणार याचा हिशेब असावा. मोठ्या कामांच्या निविदा उघडून दर निश्चित झाल्याखेरीज एक रुपयाही उचलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सल्लागाराच्या शेजारी बसून हे शास्त्र आत्मसात करणारे महापालिकेचे स्वतःचे चार-सहा अधिकारी त्या कामावर कायम नेमावेत. सल्लागार कराराची मुदत संपताच निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याने मिळविलेली माहितीही जाते. रोखे मात्र दहा-वीस वर्षे मागे राहतात. या अटींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नेमणुकीच्या करारात त्या आजही लिहिता येतील.

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत लोकनियुक्त सभागृह नव्हते. अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा आपल्या जागी बसले आहेत. कर्जाचा ठराव हा त्यांच्या कसोटीचा क्षण ठरेल. ‘तज्ज्ञांनी असे सांगितले आहे’ या एका वाक्यावर मान डोलावणे फार सोपे असते, आणि त्यामुळे पुढे दोष द्यावयास एक नावही आयते सापडते. परंतु तज्ज्ञ मत देतात. कर बसविण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार मतदारांनी त्यांना दिलेला नाही. तो नगरसेवकांना दिलेला आहे, आणि अधिकाराबरोबर येणारे उत्तरदायित्व टक्केवारीच्या मोबदल्यावर दुसऱ्याकडे सोपविता येत नसते. मरोळच्या, अंधेरीच्या आणि घाटकोपरच्या सुशिक्षित नागरिकांनीही आपल्या प्रतिनिधीला एवढेच विचारावे: या सल्लागाराला पैसे केव्हा मिळणार, रोखे विकल्यावर की सल्ला दिल्यावर? या एका प्रश्नाचे सरळ उत्तर ज्या ठरावात सापडणार नाही, तो ठराव परत पाठविण्याचे धैर्य सभागृहाने दाखवावे.